डिकीतली कवळी

माझ्या मोटारसायकलची डिकी हलते, ही गोष्ट नाशिकच्या उपनगर भागातल्या आमच्या सगळ्या कॉलनीला माझ्याआधी कळली होती. त्यात नवल नाही. गाडी चालवणारा पुढे बघतो आणि डिकी मागे असते. मी संध्याकाळी कचेरीतून येताना गल्लीच्या तोंडाशी वळलो की समोरच्या लताबाई गॅलरीतूनच माझ्या बायकोला ओरडून सांगत, "स्नेहा, चहा टाक गं! आले पगारेसाहेब. डिकी वाजली."

गाडी जुनी, लांबच्या प्रवासासाठी केलेली. पसरट सीट, आणि मागच्या कॅरिअरवर काळ्या फायबरची ही एवढी पेटी. मनमाडच्या ज्या गृहस्थांकडून मी ती घेतली ते म्हणे तिच्यावरून कन्याकुमारीला जाऊन आले होते. मी तिला उपनगर ते सीबीएस स्टँड आणि स्टँड ते उपनगर असा रोज भारतप्रवास घडवत होतो. गाडीला तो अपमान वाटत असावा. तिने निषेध नोंदवायला मागच्या बाजूने सुरुवात केली.

"अहो," एकदा स्नेहा मागून म्हणाली, "ही डिकी आपल्याबरोबर येत नाहीये. आपण वळलो तरी ती थोडा वेळ सरळच जाते."

"रविवारी घट्ट करून टाकतो. चार बोल्ट तर आहेत."

एरवी मी कुणाला असं चटकन आश्वासन देत नाही. सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. पण त्या वेळी घाईचं कारण होतं. पुढच्या आठवड्यात आम्हाला इगतपुरीला, स्नेहाच्या माहेरी जायचं होतं. माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो, रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून एकाच गोष्टीच्या मागे लागले होते. वस्तीतल्या पोरांना अभ्यासाला बसायला एक खोली पाहिजे. नगरपालिकेचे उंबरे झिजवून, दारोदार वर्गणी मागून, स्वतः विटा मोजून घेऊन त्यांनी ती अभ्यासिका उभी केली होती. त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी उद्‌घाटन होतं आणि उद्‌घाटनाचं भाषण खुद्द मामा करणार होते.

अडचण एकच होती. मामांच्या तोंडात दात नव्हते. होते ते पावसाळ्यात काढले. नवी कवळी कॉलेज रोडच्या एका डॉक्टरांकडे केली, पण ती हिरडीला टोचत होती म्हणून घासायला परत ठेवली होती. ती ताब्यात घेऊन इगतपुरीला पोचवण्याचं काम जावयाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं होतं. कवळीशिवाय मामा बोलले की 'संविधान' आणि 'शेवगा' या दोन शब्दांत फारसा फरक राहत नसे.

तर रविवारी सकाळी मी पान्यांची पिशवी घेऊन खाली उतरलो.

मध्यमवर्गीय माणसाने उघड्यावर पाना हातात घेऊ नये. घरात बायकोला मारहाण चालली असेल तर एक शेजारी येणार नाही, पण पाना दिसला की सगळे येतात. पहिले आले धनराज अहिरे. हे सटाण्याकडचे, एका पतसंस्थेतून निवृत्त झालेले. जगातलं जे काही अडलेलं आहे ते रॉकेलने सुटतं असं त्यांचं मत आहे. त्यांनी बाटलीसकट येऊन बोल्टवर रॉकेल ओतलं. मागून अमित आला. तो अंबडच्या कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे.

"काका, प्रॉब्लेम बोल्टचा नाहीच आहे," तो डिकीला दोन बोटांनी हलवत म्हणाला. "व्हायब्रेशन आहे. रबर टाका खाली."

"रबरनं काय होतं?" धनराज म्हणाले. "आधी बोल्ट काढा. हातोडी आणा."

"काका, हातोडी नको. फायबर आहे."

"फायबर म्हणजे काय काचेचं भांडं आहे का?"

या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत मिळालं. बोल्टचं डोकं तुटून गटारात गेलं आणि डिकीच्या बुडाला कोपऱ्यापासून मधोमध चीर गेली. धनराजांनी हातोडी खाली ठेवली, चिरेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आधीपासूनच असेल."

मग अमितने घरून ड्रिल आणलं. जुन्या भोकांशेजारी नवी भोकं पाडली. ती कॅरिअरच्या पट्टीशी जुळली नाहीत, म्हणून आणखी पाडली. वरून लताबाई विचारत होत्या, "भाऊ, त्याच्यात कोंबड्या ठेवणार आहात का?" मी वर न बघता काम करत राहिलो. दुपारपर्यंत नवे बोल्ट बसले. धनराजांनी डिकीवर थाप मारली आणि खूश होऊन आपल्या बोलीवर आले, "आते पक्की शे!"

थापेने मागचा लाल दिवा निखळून पडला.

सोमवारी कचेरीला अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी द्वारका चौकातल्या सहादू मिस्त्रींकडे गेलो. चौकाच्या गर्दीत, ट्रक आणि टेम्पोंच्या मध्ये त्यांचं दुकान. त्यांनी डिकीकडे पाहिलं, भोकांकडे पाहिलं, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनी न विचारताच मी म्हणालो, "शेजारी होते."

"वेल्डिंग मारू," सहादू मिस्त्री म्हणाले. त्यांच्याकडे स्कूटर गेली, तरी ते वेल्डिंग मारतात. हँडलची मूठ सैल झाली, तरी वेल्डिंग. त्यांनी कॅरिअरला लोखंडी अँगल जोडले, वर एक पत्रा ठोकला आणि डिकी त्याच्यावर बसवली. खरं सांगायचं तर डिकी हलायची थांबली. फक्त दोन गोष्टी झाल्या. एक, आच लागून कुलपाची बाजू जराशी वाकली, त्यामुळे किल्ली फिरवून झाकणावर बुक्की मारल्याशिवाय डिकी उघडेना. दोन, डिकी वीतभर मागे सरकली आणि खाली झुकली.

दुसऱ्या गोष्टीचा अर्थ मला द्वारकेच्याच सिग्नलला कळला. वाहतूक पोलिसाने शिट्टी मारून गाडी कडेला घ्यायला लावली.

"नंबर कुठंय?"

मी उतरून मागे गेलो. नंबरप्लेट डिकीच्या सावलीत, गुहेतल्या लेण्यासारखी, वाकून बघणाऱ्यालाच दिसत होती.

"आहे ना साहेब. वाकून बघा."

हे वाक्य गणवेशातल्या माणसाला उद्देशून म्हणायचं नसतं. त्याने आरसी बुक मागितलं. ते उलटंपालटं करून विचारलं, "यात डिकी कुठं लिहिलीय?"

"डिकी कशी लिहितील साहेब?"

"मग ही आली कुठून? गाडीच्या बांधणीत परस्पर बदल केलाय तुम्ही. आरटीओची परवानगी आणा."

मी त्याच दुपारी, उरलेल्या अर्ध्या दिवसाचीही रजा टाकून, परवानगी आणायला गेलो. तिथल्या खिडकीतले गृहस्थ म्हणाले, डिकी ही सामानात मोडते, परवानगी लागत नाही. मग तसं लिहून द्या म्हटलं, तर म्हणाले, जी लागतच नाही ती परवानगी लागत नाही असं लिहून द्यायचा नमुना आमच्याकडे नाही. मी स्वतः वरिष्ठ लिपिक असल्यामुळे मला हे उत्तर निर्दोष वाटलं. मी पुष्कळांना असंच परत पाठवलेलं आहे. पण खिडकीच्या त्या बाजूला ते जितकं भक्कम वाटतं तितकं या बाजूला वाटत नाही.

शेवटी सहादू मिस्त्रींनी अँगल कापून डिकी वर उचलली. नंबर दिसू लागला. आता डिकी माझ्या मानेच्या उंचीला आली, आणि इतका उंच गेलेला कुठलाही प्राणी हलतो, तशी ती पुन्हा हलू लागली. आवाज मात्र बदलला. आधी खडखड होती. आता प्रत्येक खड्ड्याला म्हातारं माणूस कण्हतं तसा आवाज. मला त्या डिकीशी हळूहळू आपलेपणा वाटायला लागला होता.

शनिवारी कवळी आणली. स्टीलच्या गोल डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. शिवाय अभ्यासिकेला आमच्याकडून भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ घेतलं होतं. "सेल घालून, वेळ लावूनच द्यायचं," स्नेहाचं म्हणणं. "बंद घड्याळ भेट दिलं तर लोक काय म्हणतील?"

रविवारी सकाळी तिने साडी नेसता नेसता जाहीर केलं, "मी रेल्वेने जाते. तुमच्या त्या डिकीला टेकून मी घोटीच्या पुढे काही जिवंत पोचत नाही. आणि कवळी इकडे द्या. पर्समध्ये राहील."

आता इथे मी शहाणपणाने कवळी देऊन टाकायला हवी होती. पण आठवडाभर मी काय काय सोसलं होतं! लताबाईंच्या कोंबड्या, पोलिसाची शिट्टी, खिडकीतले गृहस्थ. त्या सगळ्यानंतर घरच्या माणसाने डिकीवर अविश्वास दाखवावा?

"डिकी पक्की आहे," मी म्हणालो. "कवळी डिकीतूनच जाईल."

स्नेहाने माझ्याकडे पाहिलं. ती महापालिकेच्या शाळेत शिकवते. चुकीचं गणित तिसऱ्यांदा मांडणाऱ्या मुलाकडे ती कशी बघत असेल, याचा मला अंदाज आहे. "बरं," एवढंच म्हणून ती स्टेशनला गेली.

मी घड्याळ, कवळीचा डबा आणि मामींसाठी घेतलेले द्राक्षांचे दोन खोके डिकीत ठेवले, झाकणावर बुक्की मारून कुलूप लावलं, खबरदारी म्हणून जुन्या ट्यूबच्या पट्टीने डिकी कॅरिअरला बांधली आणि निघालो. पाथर्डी फाटा गेला, विल्होळी गेली. हवेत छान गारवा होता. वाडीवऱ्हेपर्यंत डिकी कण्हत होती. मुंढेगावच्या आसपास एक दणकट खड्डा लागला आणि तिथून पुढे आवाज बंद झाला.

मला किती आनंद झाला ते काय सांगू! आली एकदाची जाग्यावर, मला वाटलं. कधी कधी वस्तूंनाही बसायला एक धक्का लागतो. गाडीसुद्धा हलकी पळत होती. मी चक्क शीळ वाजवत होतो. घोटीला चहाला थांबलो, उतरताना पाय नेहमीसारखा डिकीला लागू नये म्हणून जपून फिरवला, आणि मागे बघितलं तर डिकीच्या जागी सह्याद्री दिसत होता.

ट्यूबची पट्टी तेवढी कॅरिअरला लोंबत होती.

मी चहा न पिताच गाडी फिरवली. मामा डोळ्यांपुढे आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात भाषणाचे कागद, आणि तोंडात काही नाही. मनात म्हटलं, गेली असेल डिकी एखाद्या टेम्पोत. नाहीतर ट्रकच्या चाकाखाली. बत्तीस दातांचा चुरा.

मुंढेगावच्या अलीकडे गर्दी दिसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या थांबवलेल्या. माणसं लांब लांब उभी. मधे बरंच अंतर मोकळं सोडलेलं, आणि त्या मोकळ्या जागेत, रस्त्याच्या कडेला भाताच्या रिकाम्या खाचरात, माझी डिकी एकटी उताणी पडलेली.

मी गाडी लावून धावत निघालो तर एका हवालदारांनी काठी आडवी घातली. "कुठं चालला? दिसत नाही? बाँब आहे."

"कुठंय बाँब?"

"त्या पेटीत. टिकटिक करतोय."

घड्याळ! माझ्या जिवात जीव आला, म्हणजे घड्याळ शाबूत होतं. मी घाईघाईने म्हणालो, "साहेब, ती माझी पेटी आहे."

हे ऐकून माझ्या आजूबाजूची माणसंही मागे सरकली.

हवालदारांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "काय आहे तिच्यात?"

"घड्याळ, द्राक्षं आणि कवळी."

"कवळी काय?"

"दातांची. सासऱ्यांची."

"सासऱ्यांचे दात तुमच्याकडं कसे?"

जावयाच्या आयुष्यात याहून अवघड प्रश्न आला नसेल. मी सगळं सांगितलं. अभ्यासिका, भाषण, हिरडीला टोचणं. हवालदार शांतपणे ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचा संशय वाढत होता, कारण इतकी गैरसोयीची थाप कुणी मारत नाही हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

"नाशिकहून पथक बोलावलंय," ते म्हणाले. "ते आल्याबिगर हात लावायचा नाही."

"कधी येईल?"

"रविवार आहे."

खाचराच्या बांधावर एक म्हातारी केव्हाची बसली होती. पलीकडच्या पाड्यावरची, भागीबाई म्हणून. तिची म्हैस खाचराच्या त्या बाजूला चरत होती आणि पोलीस तिला ओलांडू देत नव्हते. तिची सहनशक्ती माझ्याआधी संपली.

"आरं, तो म्हनतोय ना त्याची हाय? मंग त्यालाच उघडू द्या. फुटला तं त्याचा फुटंल!"

गर्दीला हा तोडगा पसंत पडला. अगदी मनापासून, एकमताने. हवालदारही विचारात पडले. त्यांना रस्ता मोकळा करायचा होता. "लिहून देता?" ते म्हणाले. "स्वतःच्या जबाबदारीवर उघडतो म्हणून?"

मी सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिलं. मग खाचरात उतरलो. मागे एवढी गर्दी, पण नुसती टिकटिक ऐकू येत होती. आत काय आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी मान जमेल तितकी मागे घेऊनच पेटीशी बसलो. इतकी माणसं एखाद्या गोष्टीला भीत असली की आपल्या माहितीवरही आपला भरवसा राहत नाही. किल्ली फिरवली. झाकण उघडेना. बुक्की मारली, तसे मागचे सगळे खाली बसले. पुन्हा मारली. तिसऱ्या बुक्कीला बिजागरीच निखळली आणि झाकण अख्खं माझ्या हातात आलं.

द्राक्षांचा लगदा झाला होता. त्यात घड्याळ काच फुटून पडलं होतं आणि तरी चालत होतं. आणि स्टीलचा डबा! त्याला पोचा आला होता. उघडला. फडक्यात कवळी जशीच्या तशी, माझ्याकडे बघून हसत होती. मी ती हात उंच करून गर्दीला दाखवली.

"दात हायेत गं बाई!" भागीबाई म्हणाली आणि म्हशीकडे निघून गेली.

मला वाटलं, सुटलो. पण बेवारस वस्तू सापडली म्हणजे पंचनामा आला. हवालदारांनी बैठक मारून लिहायला घेतलं. 'काळ्या रंगाची पेटी, तुटकी. घड्याळ, चालू. दात, वरचे व खालचे.' मग थांबून, "सोन्याचा एखादा आहे का?" नाही म्हटल्यावर तेही लिहिलं. पंच म्हणून सही करायला कुणी तयार होईना, कारण तोवर रस्ता सुरू झाला होता आणि बाँब नसलेल्या पेटीत कुणाला रस उरला नव्हता. पंच मिळेपर्यंत घड्याळाने मला दुपार कशी सरते ते स्पष्ट दाखवलं. इतकं जवळून वेळ जाताना मी कधी पाहिला नव्हता.

डिकीचे दोन्ही तुकडे तिथेच बांधाला ठेवले. कवळीचा डबा सदऱ्याच्या खिशात घातला, घड्याळ सीटवर बांधलं आणि इगतपुरी गाठली.

अभ्यासिकेपुढचा मंडप भरला होता. मी मागच्या बाजूने शिरलो, द्राक्षांनी माखलेला, आणि उभाच राहिलो. भाषण सुरू झालं होतं. मामा व्यासपीठावर उभे होते, दातांवाचून. एक वाक्य ते पुटपुटत, आणि शेजारी उभी राहून स्नेहा तेच वाक्य माईकवर मोठ्याने सांगत होती.

"मी शाळेच्या बाहेर, खिडकीखाली बसून पाढे शिकलो," स्नेहा म्हणाली. मामांनी पुढचं सांगितलं. तिने माईक जवळ ओढला. "पावसाळ्यात खिडकी बंद करायचे. म्हणून माझे चार महिन्यांचे पाढे कच्चे राहिले."

मी माझ्या बायकोला लग्नानंतर इतकी वर्षं बघतोय. ती तिच्या वडिलांच्या आवाजात बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. हात खिशातल्या कवळीवर होता. पुढे जाऊन ती द्यावी असं एकदाही मनात आलं नाही.

शेवटी मामा काहीतरी पुटपुटले. स्नेहाने त्यांच्याकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या पोरींकडे पाहिलं आणि म्हणाली, "या खोलीत आधी मुली बसतील. जागा उरली तर मुलं." पोरींनी अशा काही टाळ्या वाजवल्या की मंडपाचं कापड हललं.

जेवणाच्या पंगतीत मामींनी मटणाचं ताट मामांपुढे ठेवलं तेव्हा मी खाली मान घालून डबा पुढे केला. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. मामांनी कवळी पाण्यात विसळली, बसवली, जबडा इकडेतिकडे फिरवला.

"वेळेवर आलात, जावईबापू," ते म्हणाले. "भाषणाला काय, तोंड असलं तरी पुरतं. मटणाला दात लागतात."

"मामा, भाषण फार चांगलं झालं."

"झालं खरं." त्यांनी एक फोड नीट चावून खाल्ली. पंगतीच्या टोकाला स्नेहा पोरींच्या गराड्यात वाढत होती; तिच्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "ते शेवटचं, मुलींचं, मी नव्हतो बोललो हां."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"चपला बाहेर काढून आत या म्हणत होतो."

मी घास ताटात ठेवला. "मग सांगायचं ना मामा, लोकांना. अभ्यासिकेच्या कमिटीतले काही म्हणतील..."

"आता काय सांगायचं?" मामा म्हणाले, आणि नव्या दातांनी नळी फोडली. "माईकवरून गेलं. आता तोच नियम."